‘गिव्ह अप’ : अर्थ आणि उपयोजन



ऐपत असलेल्या ग्राहकांनी स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडावे, असे आवाहन केंद्र सरकारने २०१५ मध्ये केले. त्या मोहिमेचे नाव होते ‘गिव्ह इट अप’. त्याचा शब्दशः अर्थ लावू गेल्यास ‘ते वर द्या’ असे काहीतरी विचित्र हाती येते. अभिप्रेत अर्थ मात्र ‘ते सोडून द्या’ असा आहे. एखाद्या अर्जातील वा करारातील ‘गिव्ह अप’चा अर्थ न कळताच सही केली, तर आपला हक्क आपण नकळत सोडून बसू. म्हणून या क्रियापदाचा नेमका विचार करू.

१. मराठीशी तुलना

‘तिने नोकरी सोडून दिली’ या वाक्यात कोणी कोणाला काही देत नाही. ‘देणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ येथे लोपला आहे. क्रिया पूर्ण झाल्याचा भाव तेवढा उरला आहे. मुख्य अर्थ ‘सोडून’ या रूपात आहे. इंग्रजीत मात्र ‘गिव्ह’ आणि ‘अप’ या दोहोंपैकी एकातही ‘सोडणे’ हा अर्थ नाही; तो त्यांच्या संयोगातून निर्माण होतो. म्हणून अशी क्रियापदे अखंड शब्दाप्रमाणे लक्षात ठेवावीत.

२. प्रमुख अर्थ

(अ) सवय किंवा काम सोडणे : ‘ही गेव्ह अप स्मोकिंग.’
(आ) दुसऱ्यासाठी हक्काची वस्तू सोडणे : ‘ही गेव्ह अप हिज सीट.’
(इ) हिंमत सोडणे : ‘डोन्ट गिव्ह अप.’ येथे कर्म नसते.

३. रचनेचे नियम

कर्म नाम असल्यास ते शेवटी किंवा मध्ये येऊ शकते : ‘शी गेव्ह अप हर जॉब’ किंवा ‘शी गेव्ह हर जॉब अप’. कर्म सर्वनाम असल्यास ते मध्येच यावे लागते. मोहिमेचे नाव ‘गिव्ह अप इट’ असे नव्हते, याचे कारण हेच. तसेच पुढे क्रियावाचक शब्द आल्यास त्याचे ‘इंग’ प्रत्ययान्त रूप योजावे. ‘गेव्ह अप टु स्मोक’ ही रचना अशुद्ध होय.

‘गिव्ह इन’शी मात्र गल्लत करू नये. मुलाच्या हट्टापुढे वडील नमते घेतात, तेव्हा ‘गिव्ह इन’. प्रयत्नच थांबवतात, तेव्हा ‘गिव्ह अप’.

स्वयं-अध्ययन प्रश्न

इंग्रजीत भाषांतर करा.
१) त्याने ती सोडून दिली. (‘ती’ म्हणजे नोकरी)
२) तिची परीक्षा दोनदा हुकली, तरी तिने अभ्यास सोडला नाही.

उत्तरे : १) ‘ही गेव्ह इट अप.’ २) ‘शी मिस्ड द एक्झॅम ट्वाइस, बट शी डिड नॉट गिव्ह अप स्टडीइंग.’

नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या आपणा सर्वांना दुसऱ्या वाक्यातील नकाराचे मोल वेगळे सांगावयास नको.