खाऱ्या मातीतला भात

कोकणात खाडीच्या काठाने चालत गेलात, तर एका बाजूला भरतीचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला भाताची शेते दिसतील. मध्ये माती-दगडांचा एक बांध असतो. बांधाच्या आतल्या या जमिनीला खारजमीन म्हणतात. उर्दूत अशा जमिनीला 'शोर' म्हणतात. गोंगाट या अर्थाचा 'शोर' तसाच लिहितात, पण तो शब्द निराळा! रायगड जिल्ह्यात पेण, पनवेल, अलिबाग या भागांत अशी शेते पुष्कळ आहेत.

मोठ्या भरतीला कधी हा बांध फुटतो. त्याला 'खांड गेली' असे म्हणतात. खारे पाणी शेतात शिरते. रोपे एकदम मरत नाहीत. आधी पानांची टोके पिवळी पडतात, मग ती वाळू लागतात. शेतात घोटाभर पाणी आहे, वर ऊन आहे, तरीही रोप सुकते. असे का होते?

काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवा. थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. मीठ पाणी ओढून घेते. शेतातही तसेच घडते. मातीतले पाणी खारट झाले, की मुळांना ते शोषून घेणे जड जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भाताला एवढे लागतच नाहीत. मुळांजवळच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २ ग्रॅम क्षार झाले, तरी पीक घटू लागते.

पाणी मिळेनासे झाले की रोप आपले पाणी जपू लागते. पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. रोप ती मिटून घेते. पाणी वाचते खरे, पण कार्बन डायऑक्साइड वायू याच छिद्रांतून आत येतो. पाणी, हा वायू आणि सूर्यप्रकाश यांपासून पान अन्न तयार करते. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. दारच बंद झाले, तर अन्न कशाचे तयार होणार? ऊन मात्र पडतच राहते. न वापरलेली ती ऊर्जा पानातल्या हरितद्रव्यालाच इजा करते. त्यात मिठातले सोडियम हळूहळू पानांत साठते. जुनी पाने आधी जातात. म्हणजे रोप तहानेने तर व्याकूळ होतेच, पण उपाशीही राहते.

रोपे कोवळी असताना आणि भात फुलोऱ्यावर असताना हा त्रास सर्वांत जास्त होतो. फुलोऱ्यात मीठ बाधले, तर लोंब्या दिसतात, पण दाणे पोचट निघतात.

भाताच्या सर्व जाती सारख्या नाजूक नसतात. केरळातील पोक्काळी भात खाऱ्या जमिनीत पूर्वीपासून पिकतो. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती तयार केल्या. क्षार सोसणाऱ्या अनेक जातींची मुळे सोडियम कमी आत घेतात. जे आत येते, ते बरेचसे जुन्या पानांत साठते आणि नवी पाने हिरवी राहतात.

तरीही शेतकऱ्याचा खरा भरवसा पावसावरच असतो. पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन निघते. ओहोटी लागली की बांधातली उघाडी उघडून ते पाणी खाडीत सोडतात. लावणी त्यानंतरच होते. एकदा मोठी खांड गेली, तर मात्र सगळे मीठ धुऊन जायला एक पावसाळा पुरतोच असे नाही.