आज्ञावलींतील टीप कशी लिहावी?

आपल्या शहाद्याच्या बाजारपेठेंतील एखाद्या जुन्या दुकानाची रोजकीर्द ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस हें ठाऊक असेल कीं, तींत नुसते आंकडे कधींच नसतात. रक्कम जितकी स्पष्ट, तितकीच तिच्या शेजारीं तिची 'बाबत' स्पष्ट लिहिलेली असते. अमक्याचे नांवें इतके रुपये, बाबत सरकी. अमक्याकडून जमा, बाबत गेल्या सालची बाकी, हस्तें त्याचा मुलगा. 'किती' हें आंकडा सांगतो; 'कां' हें बाबत सांगते. दुकानदार आजारी पडला व त्याचा मुलगा गादीवर बसला, तरी त्या बाबतीच्या आधारानें हिशेब पुढें चालतो. बाबत पुसून टाका, कीं तीच वही कोड्यांची वही होऊन बसेल.

संगणकास द्यावयाच्या आज्ञांची जी क्रमवार मांडणी, तिला आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. या आज्ञावलींतहि बाबत लिहिण्याची सोय असते. तिला आपण टीप म्हणूं. पायथन भाषेंत अवतरणचिन्हांबाहेर # ही खूण आली, कीं तेथून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर संगणक सोडून देतो. जावा भाषेंत दोन तिरप्या रेघांनीं तेंच काम होतें. मग जो मजकूर यंत्र वाचीतच नाहीं, तो लिहावयाचा कशासाठीं? असा प्रश्न दरवर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी आम्हांस विचारतो. त्याचें उत्तर आम्हीं एकदां अनुभवानें शिकलों आहों. तो अनुभव आधीं सांगतों.

एका वसतिगृहाच्या खानावळीचा हिशेब करण्यासाठीं आमच्या देखरेखीखालीं एका हुशार विद्यार्थ्यानें आज्ञावली लिहिली होती. हजेरीचे दिवस गुणिले रोजचा दर, इतकाच तो हिशेब. त्यांत एक ओळ अशी होती कीं, ज्या नांवापुढें 'ड' ही खूण असेल, त्याचे सात दिवस वजा करावे. त्या ओळीशेजारीं टीप नव्हती. परीक्षा होऊन तो विद्यार्थी बाहेरगांवीं शिकावयास गेला. पुढील वर्षीं हें काम दुसऱ्या एका मुलाकडे आलें. तो मोठा काटेकोर. कांहीं मुलांचे सात दिवस विनाकारण कमी होतात, ही चूकच असली पाहिजे, असें समजून त्यानें ती ओळ काढून टाकली. सर्व बिलें व्यवस्थित छापून निघालीं.

परंतु 'ड' म्हणजे डोंगर. सातपुड्यांतील गांवांचीं मुलें भोंगऱ्या बाजार व होळी यांसाठीं सात दिवस घरीं जात. ती मंजूर रजा हजेरीपटावर हजेरीच धरली जाई. मात्र त्या दिवसांत तीं मुलें खानावळींत जेवत नसल्यामुळें तितके पैसे त्यांजकडून घेत नसत. यंदा ते घेतले गेले. धडगांवाकडील एक पालक दोन मुलांचे मिळून चौदा दिवसांचे जादा पैसे उसने घेऊन आले. त्यांनीं कुरकुर केली नाहीं. बिल छापील होतें, आणि यंत्रानें काढलें तें खरेंच असणार, असें त्यांनीं मानलें. त्यांचा धाकटा मुलगा जवळ उभा होता. तो हळूच म्हणाला, "पण सर, होळीला आम्ही घरीं होतों." तेव्हां चूक उघडकीस आली. सर्वांचे पैसे परत केले. परंतु त्या गृहस्थांची डोंगरांतून झालेली खेप व त्या घरांत पडलेली चिंता आम्हांस परत करतां आली नाहीं.

अपराध कोणाचा? पहिल्या मुलास कारण ठाऊक होतें, पण त्यानें तें लिहिलें नाहीं. दुसऱ्यानें मन लावून काम केलें, पण त्यास कोणी कारण सांगितलें नाहीं. आणि टीप लिहिली आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम आमचें होतें. तें आम्हीं केलें नाहीं. आज त्या ओळीच्या वर पुढील मजकूर आहे :

# 'ड' खूण असलेलीं मुलें भोंगऱ्या व होळीसाठीं सात दिवस घरीं जातात.
# ही रजा हजेरीपटावर हजेरी धरली जाते, पण जेवण होत नाहीं. म्हणून सात दिवस वजा.
# व्यवस्थापकांस विचारल्याशिवाय ही ओळ काढूं नये.

हा मजकूर लिहिण्यास फार तर दोन मिनिटें लागतात.

गणित लिहावें आणि त्याचें कारणहि लिहून ठेवावें, ही रीत आपल्या खानदेशास नवी नाहीं. चाळीसगांवाजवळ पाटणें येथें एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून स्थापिलेल्या मठास दान मिळाल्याची हकीकत त्यांत कोरलेली असून, त्यावर शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७, हा काल आहे. या भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. त्यांतील गणिताचे नियम पद्यांत आहेत. पद्य पाठ करण्यास सोपें, पण थोडक्यांत असल्यामुळें समजण्यास कठिण. हें ओळखून आचार्यांनीं आपल्याच ज्योतिषग्रंथावर स्वतः 'वासनाभाष्य' लिहिलें. 'वासना' म्हणजे येथें नियमामागील उपपत्ति. शिष्य अडेल कोठें, हें कर्त्याइतकें दुसऱ्या कोणास कळणार? आज्ञावली लिहिणारानें स्वतःच टीप लिहावी, तीहि याच कारणास्तव.

त्यांच्या 'लीलावती'चा आरंभ पाहा. बेरीज-वजाबाकी शिकविण्यापूर्वीं आचार्य मापें सांगतात. वीस वराटक म्हणजे एक काकिणी, चार काकिणी म्हणजे एक पण, सोळा पण म्हणजे एक द्रम्म. चोवीस अंगुळें म्हणजे एक हात, चार हात म्हणजे एक दंड. मग नियम, आणि नियमापुढें उदाहरण. मापें, नियम, उदाहरण, कारण : चांगल्या टिपेचीं चारहि अंगें येथें आलीं. पुढें सुमारें चारशें वर्षांनीं, इ. स. १५४५ मध्यें, कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहून तिच्या नियमांची उपपत्ति मांडली. ग्रंथ इतकीं शतकें जिवंत राहिला, त्यांत त्यावर टीका लिहिणारांचाहि मोठा वाटा आहे.

माप न सांगितल्यानें किंवा न पाळल्यानें काय होतें, याचें उदाहरण अलीकडचें आहे. अमेरिकेनें मंगळाकडे पाठविलेलें 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं नष्ट झालें. पृथ्वीवरील एक आज्ञावली यानास मिळालेला रेटा पौंडांच्या मापांत देत होती, आणि तो आंकडा घेणारी दुसरी आज्ञावली तो न्यूटनच्या मापांतील समजत होती. एक पौंड बल म्हणजे सुमारें ४.४५ न्यूटन. त्यामुळें यान ठरल्यापेक्षां मंगळाच्या फार जवळ गेलें. येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. न्यूटनचें माप वापरावें, हें ठरावाच्या कागदांत लिहिलेलें होतें. आज्ञावलीनें तें पाळलें नाहीं, आणि तपासणींत तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. म्हणजे लिहिणें हें अर्धें काम; लिहिल्याबरहुकूम आहे कीं नाहीं हें पडताळणें, हें उरलेलें अर्धें.

आतां प्रत्यक्ष धडा घेऊं. शेतकऱ्याच्या घरांतील मुलांस ठाऊकच आहे कीं, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असतें, आणि घरांत आपण एकर-गुंठे बोलतों. पुष्कळजण आर व गुंठा एकच समजतात. पण १०० आर म्हणजे सुमारें ९८.८४ गुंठे. हें रूपांतर करणाऱ्या फंक्शनची टीप आम्हीं अशी लिहूं :

काम : हेक्टर व आर यांतील क्षेत्र गुंठ्यांत देणें.
घेतें : हेक्टर, पूर्ण संख्या, शून्य किंवा अधिक, आर, शून्य किंवा अधिक, पण १०० पेक्षां कमी.
देतें : गुंठे, दशांश संख्या.
चूक : ऋण संख्या किंवा १०० व त्याहून अधिक आर दिल्यास हिशेब न करतां तसें कळवितें.
उदाहरण : १ हेक्टर ० आर दिल्यास सुमारें ९८.८४ गुंठे.

हें वाचणारास आंतील एकहि ओळ पाहण्याची गरज उरत नाहीं. पायथनमध्यें हा मजकूर फंक्शनच्या आरंभींच तिहेरी अवतरणांत लिहितात, आणि साहाय्य मागतांच तो पडद्यावर येतो. जावामध्यें ठराविक खुणांनीं लिहिलेल्या अशा टिपांवरून माहितीचीं पानेंच्या पानें आपोआप तयार होतात. ही टीप फंक्शन वापरणारासाठीं. खानावळीची टीप मात्र आंत शिरून दुरुस्ती करणारासाठीं. दोहोंचे वाचक निराळे, हें लिहितांना विसरूं नये.

याखेरीज चार नियम आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगत असतों.

पहिला : सर्वत्र एकच रीत ठेवावी. एका टिपेंत काम आधीं व माप मागून, दुसरींत उलट, असें करूं नये. एके ठिकाणीं 'रक्कम', दुसऱ्या ठिकाणीं 'पैसे', तिसऱ्या ठिकाणीं 'बिल' असें लिहिलें, तर वाचणारास त्या तीन निरनिराळ्या वस्तू वाटतात. निबंधांत शब्द पालटणें शोभतें. टिपेंत तें घात करतें.

दुसरा : जें दिसतें आहे तें पुन्हां सांगूं नये. 'दिवसांत एक मिळविला' हें आज्ञाच सांगते. एक कां मिळविला, हें टिपेनें सांगावें. 'येण्याचा व जाण्याचा, दोन्ही दिवस धरावयाचे म्हणून' असें लिहिलें, तर त्या टिपेचें कांहीं चीज झालें.

तिसरा : आज्ञा बदलली, कीं त्याच बैठकींत टीप बदलावी. दर वाढला आणि टिपेंत जुनाच राहिला, तर ती टीप खोट्या साक्षीदारासारखी होते. टीप नसेल तर माणूस निदान स्वतः विचार करतो. खोटी टीप असेल तर विश्वासानें फसतो.

चौथा : भाषा एक असावी व ती वाचणारास कळावी. इ. स. २००८ मध्यें निघालेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मराठी अक्षरांत टिपा लिहिण्यास कांहीं निराळी योजना करावी लागत नाहीं. आपली आज्ञावली आपल्याच गांवांत चालवावयाची असेल, तर स्वच्छ मराठींत टीप लिहावी. परप्रांतीयांबरोबर काम असेल, तर सर्वांस समजणारी भाषा ठरवावी. पण अर्धी टीप एका भाषेंत व अर्धी दुसरींत, असें धेडगुजरी लिखाण करूं नये.

आपली टीप चांगली आहे कीं नाहीं, हें कसें ओळखावें? आपली आज्ञावली वर्गांतील एखाद्या मित्राच्या हातीं द्यावी, तींत एक लहानसा फेरफार करावयास सांगावें, आणि आपण तोंड मिटून शेजारीं बसावें. ज्या ज्या ठिकाणीं तो तुमच्याकडे प्रश्नार्थक दृष्टीनें पाहील, त्या त्या ठिकाणीं टीप हवी होती असें समजावें. मित्र न मिळाल्यास सहा महिन्यांपूर्वींची आपलीच आज्ञावली उघडावी. सहा महिन्यांत आपण आपल्यालाच परके होतों, असा बहुतेकांस अनुभव येतो.

पालकांस एक विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी संगणकावर कांहीं लिहीत असेल, तर तें आपणांस समजत नाहीं म्हणून दूर राहूं नये. "ही ओळ कशासाठीं?" इतकेंच विचारावें. उत्तर सरळ मराठींत मिळालें, तर तेंच तेथें टीप म्हणून लिहावयास सांगावें. उत्तर मिळालें नाहीं, तर ती ओळ त्यालाहि नीट समजलेली नाहीं, हें दोघांनाहि कळेल.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही लिहिलेल्या आज्ञावल्यांवर उद्यां कोणाच्या उसाचें वजन, कोणाची शिष्यवृत्ति, कोणाच्या औषधाची मात्रा अवलंबून असेल. त्या वेळीं तुम्ही तेथें असालच असें नाहीं. यंत्र तुमची आज्ञा पाळील, पण तिचें कारण तें कोणास सांगणार नाहीं. तें सांगण्याचें काम तुमचें. म्हणून जो विद्यार्थी तुमच्या मागून त्या जागीं बसेल, त्याची आठवण ठेवून लिहा. आणि ज्या पालकाच्या हातीं तो छापील कागद जाईल, त्याचीहि.