पंचम कुठं ठेवलायस?

गेल्या गणेशोत्सवात, चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळींसमोर, माझ्या पियानोचा पंचम उतरलेला निघाला. पियानो लॅपटॉपमधला होता. त्याच्या तारा हवेनं उतरत नाहीत. तो पंचम मीच चार महिने आधी उतरवून ठेवला होता आणि विसरून गेलो होतो.

वेस्ट मांबलमच्या आमच्या दोन खोल्यांत खरा पियानो मावत नाही. मावला असता तरी या दमट हवेत लाकूड फुगतं, आकसतं, सूर हलतात, आणि ट्यूनरला पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं. म्हणून ८८ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड घेतला, लॅपटॉपवर पियानोचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून आवाज निवडत बसायची सवय लागली. या सवयीतच पुढचा सगळा घोळ आहे.

अशा सॉफ्टवेअरच्या मुख्य जाती दोन. एकीत खऱ्या पियानोची पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळ्या दाबानं वाजवून ध्वनिमुद्रित केलेली असते. फुकट मिळणारा ‘सॅलामँडर’ हा यामाहा सी-५ पियानोवरून असाच केलेला आहे, दाबाचे १६ थर असलेला. दुसऱ्या जातीत ध्वनिमुद्रण नसतंच. हातोडी, तार, लाकडी फळी यांचं गणित मांडून आवाज त्या क्षणी तयार होतो. फ्रान्समधल्या मोडार्ट कंपनीचं ‘पियानोटेक’ या जातीतलं. इथे हातोडी मऊ करता येते, तार लांब करता येते, एका सुराच्या तीन तारांमधला सूक्ष्म फरक कमी-जास्त करता येतो, आणि सगळा पियानो वेगळ्या स्वरांतरांत लावता येतो. माझं सॉफ्टवेअर याच जातीचं. पहिले दोन महिने मी वाजवलं कमी आणि बटणं फिरवली जास्त.

मला मनापासून हवा होता तो गंधार. पियानोचं सप्तक १२०० सेंटचं, त्याचे बारा सारखे भाग, म्हणून त्याचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार आपसूक ऐकू येतो, तो ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटांचा हा चढेपणा एकदा कानाला कळला की कळतच राहतो. सॉफ्टवेअरमध्ये स्वरांतरं बदलायची सोय दिसली तेव्हा पांढरी एक हा षड्ज धरून मी पियानो तंबोऱ्याच्या मेळात लावला. गंधार असा स्थिरावला की मी दिवा न लावता अर्धा तास तेवढाच वाजवत बसलो. मग हातोडी थोडी मऊ केली, मोठ्या सभागृहाची घुमणूक चढवली, आणि तो आवाज ‘आवडता’ म्हणून जतन केला. पुढे त्यातूनच आणखी दोन केले: एक भजनासाठी, एक नाट्यपदांसाठी.

जतन करताना सगळंच जतन होतं, याचा तेव्हा मी विचार केला नाही. आपल्याला वाटतं आपण रंग ठेवला. खरं तर रंगाबरोबर घुमणूक, दाबाचा आलेख, पेडलची मात्रा आणि स्वरांतरंही त्याच गाठोड्यात बांधली जातात.

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात गाणारे काका तंजावरच्या मराठी घराण्यातले, सत्तरीचे. तालमी पांढरी एकमध्ये झाल्या आणि उत्तम झाल्या. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते म्हणाले, “आज आवाज छान लागलाय रे, पांढरी दोन घेऊ या.” पेटीवाल्याला यात काही अवघड नसतं. मीही बोटं एका स्वरानं वर सरकवली.

तंबोऱ्याच्या यंत्रावर षड्ज-पंचम चालू होते. मी डाव्या हातानं सा आणि प धरले आणि दोन पंचमांमध्ये हेलकावे ऐकू आले, सेकंदाला दोन-तीन. कारण साधं आहे. मी लावलेल्या मेळात पांढरी दोन आणि पांढरी सहा यांच्यातलं अंतर ६८० सेंट होतं आणि शुद्ध पंचमाचं अंतर ७०२. पांढरी एक षड्ज असेपर्यंत हे दोन स्वर रिषभ आणि धैवत होते, आपापल्या जागी सुरेल. षड्ज हलला आणि तोच धैवत बावीस सेंट उतरलेला पंचम झाला. एका षड्जासाठी शुद्ध केलेलं वाद्य दुसऱ्या षड्जाला असं फसवतं.

मी घाईनं दुसरा आवडता आवाज लावला. तसंच. तिसरा लावला. तसंच. तिन्ही एकाच गाठोड्यातून काढलेले होते. शेवटी डावा हात उचलला, नुसता षड्ज देत राहिलो, आणि काकांनी तबल्याच्या आधारावर पद पुरं केलं. खाली उतरल्यावर त्यांनी खांद्यावर हात ठेवून एवढंच विचारलं, “पंचम कुठं ठेवलायस?”

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. क्लेमंट्स या इंग्रज आयसीएस अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुति-हार्मोनियमचा पाठपुरावा केला, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना आपल्या गळ्याची साथ दिली. पट्टीच्या वाद्यातून आपला सूर काढायचा हा हट्ट पुढेही सुटला नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम केली. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागेही ठरलेल्या, न हलणाऱ्या स्वरांबद्दलची तक्रार होतीच. खाँसाहेबांचा शेवट इथेच झाला: १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना, सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनावर. चेंगलपट्टूच्या लोकलनं जाताना ते स्टेशन येतं, तेव्हा मी आता खिडकीशी बसतो.

आवाज निवडायला बसणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं आहे की आवाजापासून सुरुवात करू नका. आधी बोटांचा दाब बसवा. मिडीमध्ये पट्टी किती जोरात पडली हे १ ते १२७ या आकड्यात जातं. आपल्या नेहमीच्या वाजवण्यात बहुतेक आकडे ५० ते ८० च्या आसपास येतील असा दाबाचा आलेख आखा. अगदी हळू वाजवल्यावर खरोखर हळू निघतं का ते बघा. मी हे उशिरा केलं. हलक्या कीबोर्डवर पट्टीला नुसतं बोट लावलं तरी भरदार वाजेल असा आलेख मी करून ठेवला होता, आणि मला तो पियानोचा गोडवा वाटत होता. पुढे अण्णा सालैवरच्या म्युझी म्युझिकलमध्ये, १८४२ पासूनच्या त्या दुकानात, खऱ्या पियानोसमोर बसलो तर हळू सुरावट निघेचना; निम्मे स्वर मुकेच राहिले. आलेख चुकला असेल तर प्रत्येक आवाज चुकीचा ऐकू येतो आणि आपण उगाच आवाज बदलत राहतो.

दोन आवाज ताडून पाहताना त्यांची पातळी सारखी करा. थोडा मोठा असलेला आवाज कानाला नेहमी सरस वाटतो. माझे निम्मे ‘आवडते’ केवळ मोठे होते. घुमणूक पूर्ण बंद करून निवडा आणि शेवटी हवी तेवढी घाला. हेडफोनमध्ये जे सभागृह सुंदर वाटतं, ते खऱ्या सभागृहात स्पीकरमधून आलं की आधीच्या घुमणुकीवर आणखी एक घुमणूक होते आणि गाणाऱ्याचे शब्द बुडतात. सॉफ्टवेअरचा ऑडिओ बफर २५६ सॅम्पलपर्यंत ठेवता आला तर ४८ किलोहर्ट्झला साधारण पाच मिलिसेकंदांचाच उशीर त्यात जातो, तेवढा बोटांना जाणवत नाही.

गाण्याच्या साथीला बसणार असाल तर आणखी दोन गोष्टी तपासा. पियानोच्या वरच्या सप्तकातले स्वर मुद्दाम किंचित चढे लावतात, कारण जाड, ताठ तारेचे उपस्वर चढे निघतात. एकट्या पियानोला ते शोभतं, तंबोऱ्याशेजारी टोचतं; सॉफ्टवेअरमध्ये हा चढेपणा कमी करता येतो. तसंच एका सुराच्या तीन तारांमधला फरक कमी ठेवा, म्हणजे षड्ज थरथरत नाही.

आणि स्वरांतरं. शुद्ध मेळ लावू नका असं मी म्हणणार नाही. तो गंधार ऐकल्यावर तसं म्हणवतच नाही. पण तो ज्या षड्जासाठी लावला, त्याचं नाव आवाजाच्या नावातच लिहा. माझ्या यादीत आता ‘मऊ, शुद्ध, पांढरी एक’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच्यावर, सगळ्यात पहिला, बारा सारख्या भागांचा, घुमणूक नसलेला साधा पियानो ठेवला आहे. त्याला मी कधी हात लावत नाही, नवा आवाज करायचा तर त्याचीच प्रत काढून करतो. यादीत आवाज पाचच आहेत. त्यांच्या फायली पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण लॅपटॉप बदलला की सॉफ्टवेअर पुन्हा मिळतं, आपली मेहनत मिळत नाही. कार्यक्रमाआधी तंबोरा चालू करून बाराही षड्जांवर सा-प धरून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

यंदाच्या तालमी सुरू झाल्या आहेत. परवा काका आले, चहा घेतला, तंबोऱ्याचं यंत्र माझ्यापुढे सरकवलं. मी साध्या पियानोवर पांढरी दोनचे सा आणि प धरून दाखवले. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “ठीक. आता काळी एक घे.”