फलंदाजीचा क्रम : एक विचार

क्रिकेटमध्ये अकरा खेळाडू निवडणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्यांना कोणत्या क्रमाने खेळावयास पाठवावे हे ठरविणेही महत्त्वाचे असते. आमच्या मुळशी तालुक्यात भाताची सुगी उरकली, की मोकळ्या खाचरांतून टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. तेथे पुष्कळदा मी पाहतो, की क्रम वयाने आणि मानाने लागतो. मोठी मंडळी आधी जातात आणि जोरकस फटके मारणारा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा ‘शेवटी उपयोगी पडेल’ म्हणून राखून ठेवला जातो. ही पद्धत कितपत योग्य आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम साधा हिशेब पाहू. सहा षटकांच्या सामन्यात चेंडू छत्तीस. सलामीचा फलंदाज टिकला, तर त्यांतले निम्मे त्याच्या वाट्याला येऊ शकतात. सहाव्या क्रमांकावरच्या पोराला पाच-सहा मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे ज्याच्या हातात जोर अधिक, त्यालाच चेंडू कमी!

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फटकेबाजाला तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवण्याची जुनी रीत आहे. पण तिला कारण आहे. तेथे चेंडू मैदानाबाहेर मारला, तर मारणारा आणि त्या वेळी बेसवर उभे असलेले त्याचे साथीदार, असे सारेच धाव पुरी करतात. त्यामुळे एकाच फटक्याची किंमत एक ते चार धावा अशी बदलते. शिवाय नवव्यानंतर पहिल्याची पाळी पुन्हा येते. क्रिकेटमध्ये षटकार पहिल्या षटकात मारा वा शेवटच्या, धावा सहाच. आणि बाद झालेला त्या डावात परत येत नाही. मग राखून ठेवण्यात लाभ तो कोणता?

या बाबतीत सचिन तेंडुलकरचे उदाहरण बोलके आहे. एकदिवसीय सामन्यांत तो आधी मधल्या फळीत खेळत असे. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे नवज्योत सिद्धूची मान आखडली. तेव्हा कर्णधार अझरुद्दीन व व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडे सचिनने स्वतः सलामीची संधी मागितली. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या आणि १४३ धावांचे लक्ष्य भारताने चोविसाव्या षटकातच गाठले. पुढे त्याने केलेल्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ४५ सलामीला येऊन केलेली आहेत.

मात्र एका फटकेबाजाने संघ होत नाही. ३ मे २०२५ रोजी बंगळूर येथे विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने चेन्नईकडून सलामीला येऊन ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या, तरी चेन्नईचा संघ दोन धावांनी हरला. उलट, आमच्या शेजारच्या मावळात, गहुंजे येथे, १५ जानेवारी २०१७ रोजी इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ६३ अशी झाली होती. तेथून विराट कोहली (१२२) आणि पुण्याचा केदार जाधव (७६ चेंडूंत १२०) यांनी सामना जिंकून दिला. तात्पर्य, तरुणाला पुढे पाठवावे. सोबतीला एकेरी धाव काढून त्याला खेळू देणारा जोडीदार द्यावा. आणि मधल्या फळीत पडझड सावरणारा अनुभवी खेळाडू ठेवावा. मोठ्यांचा मान तेथेही राहतो. किंबहुना तेथेच त्यांची खरी गरज असते.

शेवटची गोष्ट धीराची. उचलून मारणारा खेळाडू वारंवार झेलबाद होणारच. दोनदा बाद झाला की ‘बेजबाबदार’ म्हणून त्याला बाहेर बसविले, तर तो एक तर बिचकत खेळू लागतो किंवा खेळच सोडतो. त्याला आधीच सांगावे, की पुढचे चार सामने तूच सलामीला जाणार. क्रम लावणाऱ्या मंडळींनी येत्या हंगामात एवढे करून पाहावे, अशी माझी विनंती आहे.