गाव म्हणजे जागा की माणसे?

अंधेरीच्या सीप्झमध्ये, कारखान्यांच्या गर्दीत, एका चर्चचे भग्न अवशेष आहेत. येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली कोंडिविटे येथे संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने ते बांधले. १८४० साली साथ आली. लोकांनी ती जागा सोडली आणि धर्मग्राम मरोळला हलले. पुढे १९७३ साली सीप्झ झाले, जुने चर्च कुंपणाआड गेले. तरीही तेथील ईस्ट इंडियन कुटुंबे वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या पडक्या भिंतींमध्ये मिस्सासाठी जमत आली आहेत.

बंधुभगिनींनो, आपण वस्ती मोजतो ती घरांवरून. तेथे जागा सुटली, नाती सुटली नाहीत. आपल्याही धर्मग्रामातून घरे विकून गेलेली कुटुंबे आहेत. आपल्या सणाला आपण त्यांना बोलावतो का?