ओपन सोर्स इंटर्नशिप : अर्जाआधीचा अभ्यास



इंटर्नशिप म्हटलं की आपल्याला मार्कशीट आणि कॉलेजचं नाव आठवतं. ओपन सोर्समध्ये मात्र मार्गदर्शक म्हणजे मेंटॉर आधी वेगळंच पाहतात : तुम्ही प्रकल्पात काही काम केलंय का?

यातले दोन उपक्रम प्रसिद्ध आहेत. 'गुगल समर ऑफ कोड' २००५ साली सुरू झाला. २०२२ पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिला नाही. १८ वर्षं पूर्ण झालेले नवखेही अर्ज करू शकतात. दुसरा 'आउटरीची'. संगणक क्षेत्रात ज्यांना कमी संधी मिळते अशांसाठी तो आहे आणि वर्षातून दोनदा होतो. तिथे प्राथमिक अर्ज मंजूर झाल्यावर प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान द्यावंच लागतं. मग निवड होते. दोन्हींत मानधन मिळतं.

आता तयारी कशी करायची ते पाहू.

१) एकच प्रकल्प निवडा. जे सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः वापरता, तिथून सुरुवात करा. समजा, लिब्रेऑफिस. त्यात नवख्यांसाठी 'इझी हॅक्स' नावाची सोपी कामं वेगळी काढून ठेवलेली असतात. आधी सॉफ्टवेअरचा कोड आपल्या संगणकावर बिल्ड करून चालवा. एवढ्यातच बरंच शिकायला मिळतं.

२) प्रश्न नीट विचारा. "रिस्पेक्टेड सर, प्लीज गाइड मी" या मेलला मेंटॉर काय उत्तर देणार? त्याऐवजी लिहा : मी अमुक सिस्टिमवर बिल्ड करतोय, तिसऱ्या पायरीला ही एरर येते, हे दोन उपाय करून पाहिले. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, माहिती पूर्ण हवी. आणि प्रश्न खासगीत नको, सगळ्यांसमोर विचारा. उत्तर इतरांनाही उपयोगी पडतं.

३) संख्या वाढवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्ट मिळवण्यासाठी अनेकांनी निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. ते निस्तरताना प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले, की स्पर्धा चालू असतानाच नियम बदलावे लागले. ही माणसं बहुतेकदा स्वतःचा वेळ काढून काम करतात, हे विसरू नका. एक चूक नीट दुरुस्त केलेली बरी.

४) प्रस्ताव स्वतः लिहा. कोणत्या आठवड्यात काय करणार, कुठे अडचण येऊ शकते, परीक्षा कधी आहे, सगळं खरं खरं सांगा. मित्राचा किंवा एआयने लिहिलेला प्रस्ताव पुढच्या दोन प्रश्नांतच उघडा पडतो.

समर ऑफ कोडचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये असतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच कामाला लागा. निवड झाली नाही तरी तुम्ही केलेली दुरुस्ती त्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावाने राहते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ती दाखवता येते, बरं का!

गृहपाठ : रोज वापरता ते एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर निवडा आणि त्यातलं एक सोपं, कुणी हातात न घेतलेलं काम शोधून वहीत लिहा.