मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीआधी

कोल्हापूर

चि. ओंकार,


तालीम तुला तिच्या फुटबॉल संघाचा थेट मुख्य प्रशिक्षक करायला निघालीय आणि पुण्याच्या अकादमीत तेरा वर्षांखालच्या पोरांकडे सहायकाची जागा आहे, असं ताईकडून कळलं. माझं ऐकशील तर पुण्याला जा. गुडघ्यापायी तिशीच्या आत खेळ सुटला, त्याने माझ्याही पोटात कालवतं. पण शाहू स्टेडियमवर तुझ्या नावाने शिट्ट्या वाजायच्या, तेवढ्यावर शिकवता येत नाही रे.

दक्षिण आफ्रिकेचा फुटबॉलपटू बेनी मॅकार्थी, त्याची कारकीर्द बघ. केपटाउनच्या हॅनोव्हर पार्कमधला, टोळ्यांच्या मारामाऱ्यांनी बदनाम झालेल्या वस्तीतला पोरगा. 1997मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्सकडे गेला. दक्षिण आफ्रिकेचा विश्वचषकातला पहिला गोल त्याचाच, 1998मध्ये, डेन्मार्कविरुद्ध. पुढे स्पेनच्या सेल्टा व्हिगोत मात्र बाकावरच बसायची पाळी आली. 2002मध्ये पोर्तुगालच्या पोर्तोने त्याला उसना नेला, तर 11 सामन्यांत 12 गोल! दोन वर्षांनी चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडवर पोर्तोचे दोन्ही गोल त्याने मारले, एक चेंडू हवेतच टोलवून, दुसरा डोक्याने. परतीच्या सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटाला फ्री किक त्याचीच होती. गोलकीपर हॉवर्डच्या हातून चेंडू सुटला, कोस्टिन्याने तो आत ढकलला आणि युनायटेड बाहेर. त्या वर्षी पोर्तो विजेता झाला.

वाईट दिवसही आले. इंग्लंडच्या वेस्ट हॅमकडून लीगमध्ये एकही गोल नाही, वजनावरून चारचौघांत बोलणी खाल्ली. 2010चा विश्वचषक त्याच्याच देशात झाला आणि संघात त्याचं नाव नव्हतं. देशासाठी 31 गोल, इतके आजवर तिथे कुणाचेच नाहीत. तरी निवृत्तीनंतर 2015मध्ये हा माणूस बेल्जियममधल्या सिंट-ट्रुइडन या लहानशा क्लबात सहायक म्हणून रुजू झाला. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

मुख्य प्रशिक्षक तो 2017मध्ये झाला, केपटाउन सिटी क्लबचा. पुढे तिथल्याच अमाझुलू क्लबला लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं, आणि पुढच्याच हंगामात तिथून नारळ मिळाला. 2022मध्ये त्याच युनायटेडने त्याला आपल्या फॉरवर्डना शिकवायला घेतलं, तेही मुख्य प्रशिक्षक एरिक टेन हागच्या हाताखाली. पहिल्या हंगामात तिथल्या फॉरवर्ड रॅशफर्डचे 30 गोल झाले, दुसऱ्यात 8. शिकवणारा तोच होता. यश आपलं किती आणि पोराचं किती, हे या धंद्यात कधीच कळत नाही. त्याची तयारी ठेव. 2025पासून तो केनियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आहे.

पास यायच्या आधी खांद्यावरून मागे बघायची सवय तुला कुणी लावली नव्हती, ती अंगातच होती. आता तीच बारा वर्षांच्या पोराच्या अंगी उतरवायचीय, आणि ‘माझ्याकडे बघ’ म्हणून ती येणार नाही. पास देणाऱ्याला थांबव, मागे एक पोरगं उभं कर, त्याला बोटं वर करायला लाव आणि किती ते पास घेणाऱ्याला चेंडू घेण्याआधी ओरडून सांगायला सांग. असे चुकत-माकत प्रयोग पुण्यात करता येतील. तालमीत दोन सामने हरलास की पेठेतली माणसं दारात येतील.

तालमीला नकार फोनवर देऊ नकोस. रविवारी ये, आपण दोघं जाऊन वस्तादांना भेटू. प्रशिक्षकाच्या डी लायसन्सच्या कोर्सचे पैसे मी भरतो, ताईला त्यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
मामा